कागदावर ताबा मिळाला, पण घरात दुसरं कुटुंब राहतंय

पत्र थोडक्यात असं: पुण्यात भाड्यानं राहणाऱ्या एक ताई आणि त्यांचे यजमान सिंहगड रस्त्यालगतच्या जुन्या सोसायटीत दोन बेडरूमचा फ्लॅट घेत आहेत. व्यवहार ६८ लाखांचा, आजूबाजूच्या दरापेक्षा साधारण ४ लाखांनी कमी. ५० लाखांचं कर्ज मंजूर झालंय, ५१ हजारांचा विसार देऊन झालाय. घरमालक नोकरीसाठी बंगळुरूला असतात. फ्लॅटमध्ये तीन वर्षांपासून एक कुटुंब भाड्यानं राहतं. त्यांचा ११ महिन्यांचा करार दोनदा झाला, पुढे झालाच नाही. एका खोलीत मालकांचं सामान आहे आणि तिला कुलूप आहे. एजंट म्हणतो, ‘खरेदीखत होऊ द्या, पंधरा दिवसांत घर खाली.’ यजमानांचं म्हणणं, माणूस भला आहे, ताब्याचं लेखी मागितलं तर त्यांना वाईट वाटेल. ताईंच्या सध्याच्या घराचा करार ३१ मे रोजी संपतो आणि जूनमध्ये मुलीची शाळा सुरू होते. त्या विचारतात, ‘मी उगाच शंका घेते आहे का? आणि समजा भाडेकरू निघालेच नाहीत, तर मालक आम्हीच असल्यामुळे पोलिसांच्या मदतीनं घर खाली करून घेता येईल ना?’

ताई, नमस्कार.

तुम्ही एजंटनं पाठवलेल्या मसुद्यातलं एक वाक्य पत्रात उतरवून दिलंत, त्याबद्दल आधी तुमचे आभार. बहुतेक जण किंमत लिहितात, चौरस फूट लिहितात, ताब्याचं वाक्य कुणी लिहीत नाही. ते वाक्य असं आहे: ‘सदर मिळकतीचा ताबा लिहून देणार यांनी लिहून घेणार यांस आज रोजी दिला असून त्याबाबत लिहून घेणार यांची कोणतीही तक्रार नाही.’

आता हे वाक्य त्या घरात उभं राहून वाचा. तुम्हीच लिहिलंय की घर बघायला गेलात तेव्हा हॉलमधल्या टेबलावर भाडेकरूंची मुलगी दहावीच्या गणिताच्या सरावपत्रिका सोडवत बसली होती, आणि तुम्हाला बघून तिनं वह्या आवरायला घेतल्या. खरेदीखताच्या दिवशीही ती तिथेच बसलेली असेल. आणि त्याच दिवशी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात तुम्ही दोघं अंगठे आणि सह्या देऊन सांगणार की ताबा मिळाला, तक्रार नाही. पुढे घर खाली झालं नाही आणि तुम्ही मालकांना फोन केलात, तर ते हाच कागद पुढे करू शकतात. त्यांचं काम कागदावर संपलेलं असेल. उरलेलं ओझं तुमच्या डोक्यावर येईल, तेही तुमच्याच सहीनं.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुम्ही उगाच शंका घेत नाही. शंका अगदी बरोबर जागी आहे. फक्त तुम्ही ती माणसाच्या भलेपणावर घेताय आणि तुमचे यजमान त्या भलेपणाची बाजू घेताहेत, म्हणून घरात वाद होतोय. मालक भले आहेत असंच धरून चला. भला माणूस बंगळुरूला बसून पुण्यातल्या दुसऱ्या कुटुंबाला पंधरा दिवसांत घर शोधून देऊ शकतो का, एवढाच प्रश्न आहे. त्यांनी दिलेला शब्द पाळणं त्यांच्या एकट्याच्या हातात नाही. तो तिसऱ्या माणसाच्या हातात आहे आणि त्या तिसऱ्या माणसाशी अजून कुणी बोललेलंही दिसत नाही.

दुसरं, मसुद्यात ‘ताबा’ आहे, ‘रिकामा’ हा शब्द नाही. ही शब्दांची कसर काढणं नव्हे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्यानं मागितल्यावर ताबा द्यायचा असतो, पण तो मिळकतीच्या स्वरूपानुसार देता येईल तसा. भाडेकरू असलेल्या मिळकतीचा ताबा ‘आजपासून भाडं यांना द्या’ असं भाडेकरूला सांगूनही दिला जाऊ शकतो. तुम्हाला भाड्याचं उत्पन्न हवं असतं तर तेवढं पुरलं असतं. तुम्हाला राहायला जायचंय. मग कागदावर शब्द हवेत ‘प्रत्यक्ष, रिकामा व शांततामय ताबा’, आणि त्याखाली रिकामा म्हणजे काय तेही हवं: घरात कुणीही राहत नाही, कुणाचंही सामान नाही, आणि भाडेकरू, परवानाधारक (म्हणजे लिव्ह अँड लायसन्स करारानं राहणारा), नातेवाईक किंवा इतर कुणाचाही राहण्याचा हक्क वा दावा उरलेला नाही.

सामानाचं मी मुद्दाम लिहिते आहे. आम्ही आमचं पहिलं घर घेतलं तेव्हा विकणाऱ्यांनी आतल्या खोलीत त्यांच्या आईचं सामान ठेवलं होतं. एक शिवणयंत्र, पितळी भांड्यांची दोन पोती, गादीवर गुंडाळलेली सतरंजी. ‘पुढच्या रविवारी नेतो’ असं ठरलं होतं. आठ महिने ती खोली कुलपात राहिली. आम्ही चौघं हॉलमध्ये झोपायचो आणि कर्जाचा हप्ता मात्र पूर्ण घराचा भरायचो. कुलूप तोडायची हिंमत झाली नाही, कारण आत सोनंनाणं होतं असं उद्या कुणी म्हटलं असतं तर आम्ही काय उत्तर देणार होतो? तुमच्या फ्लॅटमधली ती बंद खोली मला म्हणूनच भाडेकरूंइतकीच खटकते. तिचा उल्लेख मसुद्यात कुठेच नाही. साठेखताच्या, म्हणजे खरेदीखताआधी होणाऱ्या विक्रीच्या कराराच्या, आधी ती उघडून बघा आणि ती कधी रिकामी होणार ते लिहून घ्या.

आता पोलिसांचं. ताई, ही वाट मनातून काढून टाका. घर खाली करून देणं हे पोलिसांचं काम नाही, तो दिवाणी विषय आहे. नुसतं मालकीचं कागद हातात असल्यानं राहत्या माणसाला बाहेर काढता येत नाही. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ च्या कलम ६ प्रमाणे, ज्याला कायद्याचा मार्ग सोडून बाहेर काढलं, तो सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्न आड येत नाही. वीज-पाणी तोडून माणूस निघेल असं कुणी सुचवलं तर तेही ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम २९ नं ते बंद केलेलं आहे.

एजंट तुम्हाला असंही सांगेल की हे भाडेकरू नाहीत, लिव्ह अँड लायसन्सवाले, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवान्यावर राहणारे आहेत, त्यांना हक्क नसतो. यात अर्धं खरं आहे. याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपली की परवानाधारकानं जागा सोडायची असते. नाही सोडली तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि तोवर ठरलेल्या भाड्याच्या दुपटीनं नुकसानभरपाई मागता येते. पण तुमच्या प्रकरणात दोन गाठी आहेत. एक म्हणजे जुना करार संपून वर्ष उलटलं आणि मालक भाडं घेत राहिले. भाडे नियंत्रण अधिनियमाच्याच कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची. तो नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, ते खोटं ठरवायचं काम समोरच्याचं. उद्या या गृहस्थांनी सांगितलं की तोंडी पाच वर्षांचं ठरलं होतं, तर ते खोडायला तुमच्याकडे काय आहे? तेव्हा तुम्ही तिथे नव्हताच.

दुसरी गाठ कमी लोकांना माहीत असते. कलम २४ च्या स्पष्टीकरणात ‘मालक’ शब्दात मूळ मालकाच्या मृत्यूनंतर मालक झालेला वारस धरला आहे. विकत घेणाऱ्याचा तसा उल्लेख नाही. म्हणजे या झटपट मार्गानं खरेदीदाराला जाता येतं का, यावरच समोरचा वकील वाद घालू शकतो. म्हणून ज्यानं घर दिलं, त्यानंच ते मालक असतानाच खाली करून घ्यावं. हे काम विकत घेऊ नका.

‘आम्हाला काही माहीतच नव्हतं’ असंही नंतर म्हणता येत नाही. घरात प्रत्यक्ष कुणी राहत असेल तर त्याचा जो काही हक्क असेल तो खरेदीदाराला माहीत होता असंच कायदा धरतो. तुम्ही तर जाऊन बघून आलात.

४ लाखांच्या सवलतीकडे आता जरा हिशेबाच्या वहीतून बघू. ५० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के धरले तर हप्ता ४३,४०० च्या आसपास येतो. सुरुवातीच्या महिन्यांत त्यातले ३५,४०० नुसतं व्याज असतं. तुमचं सध्याचं भाडं २२,००० आहे असं तुम्ही लिहिलंय. हप्त्यातलं मुद्दल तुमच्याच घरात जातं, ते बाजूला ठेवू. तरी व्याज आणि भाडं मिळून महिन्याला ५७,४०० बाहेर जातील, आणि त्या बदल्यात तुम्ही राहात असाल भाड्याच्याच घरात. सात महिन्यांत ४ लाख संपले. कोर्टाची पायरी चढावी लागली तर सात महिने ही फार थोडी मुदत आहे. घर स्वस्त मिळतंय असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं, ते खाली करून घेण्याची जोखीम कुणीतरी ४ लाखांत तुमच्या गळ्यात घालतंय.

मग व्यवहार सोडायचा का? माझ्या मते नाही, अजून तरी नाही. सोसायटी चांगली आहे, शाळा जवळ आहे, किंमत झेपणारी आहे. क्रम मात्र बदलायला हवा.

एजंटचा क्रम आहे: खरेदीखत, पूर्ण पैसे, मग घर खाली. तुम्ही असा ठेवा: नोंदणीकृत साठेखत, त्यात तुमचा वाटा (कर्जाबाहेरची तुमची रक्कम), मग घर खाली, आणि त्या दिवशी बँकेचे पैसे, खरेदीखत आणि किल्ल्या एकत्र. साठेखताला पूर्ण मुद्रांक शुल्क भरलं की खरेदीखताला ते पुन्हा पूर्ण भरावं लागत नाही, त्यामुळे दोन कागदांचा भुर्दंड पडेल ही भीती नको. बँक साधारणपणे तुमचा वाटा आधी भरलेला मागते आणि कर्जाची रक्कम शेवटी सोडते. ते इथे तुमच्या पथ्यावरच पडतं. शेवटचे ५० लाख हाच तुमच्या हातातला दोर आहे. बँकेतल्या अधिकाऱ्याला साठेखताचा मसुदा आधी दाखवा आणि सांगा, रिकामा ताबा मिळण्याची तारीख पक्की झाल्याशिवाय रक्कम सोडू नका, आम्ही लेखी कळवू. हप्ताही तोवर सुरू होणार नाही.

मालकांची अडचणही खरी आहे. भाडेकरू काढला आणि तुम्ही माघार घेतलीत, तर त्यांचं भाडंही गेलं आणि गिऱ्हाईकही. त्यांना मंजुरीपत्र दाखवा, साठेखत नोंदवून घसघशीत रक्कम द्या. तेवढ्यावर शहाणा माणूस पुढचं पाऊल टाकतो. एवढं करूनही ते ‘आधी खरेदीखत’ यावरच अडून बसले, तर मी तुमच्या जागी विसार परत मागेन.

साठेखतात ताब्याची नेमकी तारीख हवी, ‘लवकरात लवकर’ चालणार नाही. मी १० मे धरेन, म्हणजे ३१ मेच्या आत तुम्हाला तीन आठवडे मोकळे मिळतात. त्या तारखेला घर मिळालं नाही तर रोज किती भरपाई, ते लिहा. आकडा तुमच्या खऱ्या नुकसानीला धरून ठेवा, दिवसाला १,५०० ते २,००० इथवर. कुणीतरी दिवसाला २५,००० लिहायला सांगेल. पण न्यायालय वाजवी भरपाईच देतं, मोठा आकडा नुसता दिसायला राहतो. आणि अमुक तारखेपर्यंतही घर मिळालं नाही तर व्यवहार रद्द करून दिलेली सगळी रक्कम व्याजासह परत मिळेल, हे वाक्य विसरू नका.

आता ज्या गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे, ती सांगते. माझ्या पाहण्यात भाडेकरू अडून बसतो तेव्हा त्याच्या मनात जागा लाटायचा विचार क्वचितच असतो. त्याची अनामत रक्कम अडकलेली असते. मालक म्हणतो, आधी जागा सोड, मग देतो. भाडेकरू म्हणतो, आधी दे, कारण नव्या घराची अनामत मला याच पैशातून भरायचीय. दोघंही एकमेकांकडे बघत बसतात आणि महिने जातात. तुमच्या प्रकरणात तर मालक आठशे किलोमीटरच्या आसपास लांब, आणि घर विकून मोकळे होणार. त्या कुटुंबाला पैशाची धास्ती वाटली तर नवल नाही.

ही गाठ तुम्ही सोडवू शकता. साठेखताच्या वेळी तुम्ही जी रक्कम देणार, त्यातून अनामतीएवढा चेक मालकांकडून भाडेकरूंच्या नावानं लिहून घ्या आणि तो तुमच्या वकिलांकडे ठेवा. तिघांच्या सह्यांचं एक पत्र करा: भाडेकरू अमुक तारखेला जागा सोडतील, त्यांचा कोणताही दावा राहणार नाही, आणि किल्ली देताना हा चेक त्यांच्या हातात पडेल. एका खोलीत, एका वेळी, एका हातानं किल्ली आणि दुसऱ्या हातानं अनामत. मी असे ताबे पाहिलेत. कुणी आवाज चढवत नाही, चहासुद्धा होतो.

त्याआधी थोडी चौकशी मात्र तुमची तुम्ही करा. सोसायटीच्या कार्यालयात देखभाल शुल्काचं बिल मागा. मालक स्वतः राहत नसेल तर त्यात नॉन-ऑक्युपन्सी शुल्क दिसतं, आणि ते कधीपासून लागतंय यावरून भाड्यानं देण्याचा खरा काळ कळतो. नोंदणी विभागाच्या शोधात लिव्ह अँड लायसन्सचे करारही सापडतात, त्यांची सूची-२ (नोंदवलेल्या कराराचा सारांश, म्हणजे इंडेक्स-२) काढा. मालकांनी सांगितलेल्या तारखा आणि या तारखा जुळतात का ते बघा.

ताबा घेण्याच्या दिवशी घाई करू नका. माळे उघडून बघा, बाल्कनी बघा, पार्किंगमध्ये कुणाची जुनी स्कूटर तर राहिली नाही ना ते बघा. वीज मीटरच्या आकड्याचा फोटो काढा. ताबा पावतीवर मालकांची सही आणि जागा सोडल्याच्या पत्रावर भाडेकरूंची सही घेतल्याशिवाय बँकेचा डिमांड ड्राफ्ट पाकिटातून काढू नका. कुलूप त्याच संध्याकाळी बदला.

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठीही थोडं लिहिते. घरात भाडेकरूऐवजी विकणाऱ्याची सून किंवा वेगळी राहणारी बायको असेल तर जास्त सावध राहा. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ प्रमाणे सामायिक घरात राहण्याचा स्त्रीला हक्क आहे, आणि घर सासूसासऱ्यांच्या नावावर असलं तरी सून तो हक्क सांगू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा खटल्यात म्हटलं आहे. अशा घरात त्या बाईंची लेखी संमती नसेल तर पुढे जाऊ नका. बँकेच्या लिलावातलं घर घेणाऱ्यांनी वर्तमानपत्रातल्या नोटिशीत ‘सांकेतिक ताबा’ लिहिलंय की ‘प्रत्यक्ष ताबा’ ते बघावं. सांकेतिक म्हणजे दारावर नोटीस चिकटली आहे, आत माणसं तशीच आहेत. पागडीची खोली घेणाऱ्यांचा विषय वेगळा आहे, त्याचं उत्तर एका परिच्छेदात देणं बरोबर होणार नाही.

यजमानांना कसं समजवायचं, हेही तुम्ही विचारलंय. मला वाटतं, मालकांशी तुम्हीच बोला, एजंटला मध्ये न घालता. एवढंच म्हणा, ‘दादा, तुमच्यावर विश्वास आहे म्हणूनच व्यवहार करतोय. पण बँकेचं कर्ज आहे, मुलीची शाळा आहे, तेव्हा तारीख कागदावर असू द्या. तुम्हालाही भाडेकरूंशी बोलायला बरं पडेल.’ हे खरंही आहे. कागदावर तारीख असली की त्यांनाही ‘माझ्या हातात नाही’ असं सांगता येतं.

आणि मालकांना विचारून या रविवारी त्या घरी जा. एजंटला नेऊ नका, यजमानांना न्या. भाडेकरू आणि त्यांची बायको दोघंही असतील अशी वेळ बघा. घर कधी सोडणार, असं विचारून सुरुवात करू नका. मुलीचा शेवटचा पेपर कधी आहे ते आधी विचारा.